देवयानीचे नाव पटावर नव्हते

जुलै महिन्यातली गोष्ट. पेडण्याचा पाऊस कौलांवर असा कोसळत होता की शिकवणाऱ्याचा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे पोचत नव्हता. दहावीचे शिक्षक रजेवर होते, म्हणून मोकळ्या तासाला मी वर्गावर गेलो. खिडकीकडच्या बाकावरची एक मुलगी भूगोलाच्या पुस्तकाआड दुसरेच काही वाचत होती. तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला पुस्तकाआडचे पुस्तक लांबूनच कळते. मी ते काढून घेतले. चांगला जाडजूड इंग्रजी ठोकळा. "तास संपला की ऑफिसात ये," एवढेच म्हणालो.

ती आली. मी नेहमीचे बोललो : दहावीचे वर्ष, बोर्डाची परीक्षा, वेळेचा अपव्यय. तिने खाली मान घालून सगळे ऐकून घेतले आणि जाता जाता दारात थांबून म्हणाली, "सर, परत देण्याआधी तुम्ही वाचून बघा ना. आणि मराठीत असं काही असेल तर सांगा, मी ते वाचीन."

मी मराठीचा एम.ए. त्यामुळे हे शेवटचे वाक्य मला लागले. पुस्तक घरी नेले आणि पावसाच्या चार रात्रींत वाचून काढले. मग तिच्याकडूनच आणखी एक मागून घेतले. त्या वाचनातून जे सुचले ते या अंकाच्या वाचकांपुढे ठेवतो. घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि मुलांच्या हातातल्या पुस्तकात तिसरी, अशा प्रदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना हा विषय परका वाटू नये.

पहिले पुस्तक रिबेका यारॉस या अमेरिकन लेखिकेचे 'फोर्थ विंग'. ते २०२३ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर तुफान खपले. पुढे २०२३ मध्येच 'आयर्न फ्लेम' आणि २०२५ मध्ये 'ऑनिक्स स्टॉर्म' हे भाग आले. दुसरे नेओमी नोविक यांचे 'अ डेडली एज्युकेशन', २०२० चे. त्याचेही पुढचे दोन भाग २०२१ आणि २०२२ मध्ये निघून ती त्रयी पुरी झाली. या जातीच्या कादंबऱ्यांची आज इंग्रजीत रांग लागली आहे. त्यांचा साचा साधारण असा : एक भयाण विद्यालय, त्यात जादूचे शिक्षण, नापास होणे म्हणजे बहुधा मरणेच, आणि या सगळ्यात एक मुलगी व एक मुलगा, ज्यांनी एकमेकांवर प्रेम करू नये अशी परिस्थिती असते आणि तरीही ते करतात. आपल्या जुन्या समीक्षेच्या भाषेत सांगायचे तर काळ्या विद्येच्या गुरुकुलातली अद्भुतरम्य प्रेमकथा.

कल्पना नवी नाही. जादूच्या शाळेची कथा उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ मध्येच 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त लिहिली होती. १९९७ पासून हॅरी पॉटरने ती घरोघर पोचवली. त्याचा पहिला भाग 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने मराठीतही आला. पण मुळाशी गेले तर रुमानियाच्या लोककथेतली एक शाळा सापडते. तिचे नाव शोलोमान्स. तिथे खुद्द सैतान काळी विद्या शिकवतो. विद्यार्थी दहा घेतो, शिक्षण पुरे झाले की नऊ जणांना सोडतो आणि दहाव्याला दक्षिणा म्हणून स्वतःपाशी ठेवून घेतो. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त, म्हणजे १८९७ साली, या शाळेचा उल्लेख येतो आणि नोविकबाईंनी आपल्या कादंबरीतल्या शाळेला तेच नाव दिले आहे.

ही दहाव्या विद्यार्थ्याची गोष्ट वाचली आणि मला आपलीच एक कथा आठवली. पुढच्या मोकळ्या तासाला मी ती वर्गात सांगितली. मनात थोडी ऐट होती, हे कबूल करतो. तुमच्या इंग्रजी पुस्तकांच्या कितीतरी आधी आमच्याकडे हे सगळे होते, असे मुलांना दाखवायचे होते.

कथा कच-देवयानीची. महाभारताच्या आदिपर्वात ती आहे. लहानपणी पेडण्याच्या जत्रेत पहाटेच्या थंडीत आईच्या पदराखाली बसून दशावतारात मी ती पाहिली होती. शुक्राचार्यांची शाळा हे खरोखर काळे विद्यालय. ते राक्षसांचे गुरू, आणि मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या त्यांच्याकडेच. देव लढाईत मरत ते मरतच. दानव पुन्हा उठून उभे राहत. म्हणून देवांनी बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, शत्रूच्या गुरूकडे विद्यार्थी म्हणून पाठवले. त्याला सांगून ठेवले की गुरूच्या मुलीला प्रसन्न ठेव. कच गातो, नाचतो, फुले आणून देतो. देवयानीचा जीव त्याच्यावर जडतो. दानवांना संशय येतो. ते त्याला रानात गाठून मारतात आणि लांडग्यांना घालतात. देवयानी रडते, बाप मंत्र म्हणतो, कच उठतो. दुसऱ्यांदा ते त्याला वाटून समुद्रात मिसळतात. पुन्हा देवयानीचे अश्रू, पुन्हा मंत्र. तिसऱ्यांदा जाळून त्याची राख मद्यात कालवतात आणि ते मद्य गुरूलाच पाजतात. आता कच उठायचा तर गुरूचे पोट फाडूनच. तेव्हा शुक्राचार्य पोटातल्या शिष्याला मंत्र शिकवतात. शिष्य पोट फाडून बाहेर येतो आणि शिकलेल्या विद्येचा पहिला प्रयोग गुरूला उठवण्यासाठी करतो.

वर्ग एकदम शांत होता. ड्रॅगन वाचणारी मुले राखेच्या पेल्यापाशी श्वास रोखून बसली होती. मी समाधानाने पुढचे सांगितले : विद्या पुरी झाल्यावर देवयानी कचाला लग्नाचे विचारते, तो म्हणतो, तू गुरुकन्या, शिवाय मी तुझ्या पित्याच्या पोटातून आलो, म्हणजे तुझा भाऊ झालो. ती शाप देते, तुझी विद्या तुला फळणार नाही. तो उलट शाप देतो, तुला ऋषिपुत्र नवरा मिळणार नाही. आणि म्हणतो, मला फळली नाही तरी मी जिला-ज्याला शिकवीन त्याला ती फळेल.

तेव्हा खिडकीकडची ती मुलगी उभी राहिली. "सर, मंत्र देवयानीला का नाही शिकवला? तिला येत असता तर तिनेच त्याला उठवलं असतं. मग बापाला मरावं पण लागलं नसतं आणि पोटात शिकवावं पण लागलं नसतं."

"त्या काळी" असे म्हणून मी सुरुवात केली आणि थांबलो. कारण त्या काळाचे कारण द्यायला कथेत जागाच नाही. शुक्राचार्यांना मुलगी जिवापेक्षा लाडकी. तिच्या शब्दाखातर तो शत्रूच्या मुलाला तीनदा उठवतो, शेवटी स्वतः मरायला तयार होतो. विद्या हाताशी, शिकणारी घरात. पोटातल्या परक्या मुलाला मंत्र द्यायचे त्याला सुचते, दाराशी रडत असलेल्या मुलीला द्यायचे सुचत नाही. आणि मला, ही कथा आयुष्यभर सांगत आलेल्या मास्तराला, ते कधी खटकलेही नाही. त्या शाळेत देवयानी राहत होती, पण तिचे नाव पटावर नव्हते.

घरी येऊन मी कपाटातली पुस्तके पुन्हा काढली. आपल्या मराठीने या मुलीचे काय केले, ते पाहू लागलो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'संगीत विद्याहरण' १९१३ साली रंगभूमीवर आले. बालगंधर्वांची देवयानी गाजली. तिची पदे डिचोलीला माझ्या आजोळी मामा दाढी करताना गुणगुणत. पण नाटककाराचा सगळा रोख शुक्राचार्यांच्या मद्यपानावर आहे. विद्येचे हरण होते ते मद्यामुळे, हा त्याचा धडा. देवयानी तिथे प्रेमिका आहे, गाणारी आहे, रंगभूमीला हवी तशी मोहक आहे; विद्येच्या व्यवहारात मात्र ती कचाची पायरी आहे. नाटकाच्या नावातच विद्या आहे, आणि त्या विद्येवर तिचाही हक्क असू शकेल असे नाटकात कोणाच्या मनात येत नाही.

मग वि. स. खांडेकर. त्यांच्याविषयी आम्हा पेडणेकरांना विशेष आपुलकी, कारण तेरेखोलच्या पलीकडे शिरोड्याच्या शाळेत ते १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. त्या वेळी नदीच्या या तीरावर पोर्तुगीज राज्य होते. त्यांची 'ययाति' १९५९ ची. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे १९७४ च्या ज्ञानपीठाने खांडेकरांच्या रूपाने मराठीला तो मान प्रथमच मिळवून दिला. 'ययाति'ची रचना आजही धीट वाटते. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपली कथा प्रथमपुरुषी सांगतात. म्हणजे खांडेकरांनी देवयानीला तोंड दिले. एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण ते तोंड तिने कशासाठी उघडावे? ती बोलते ती आपला अहंकार उघडा करण्यासाठी. शर्मिष्ठेचे सोसणे उजळावे आणि कचाचा संयम उंच दिसावा म्हणून देवयानी महत्त्वाकांक्षी, मत्सरी, सत्तेची भुकेली झाली आहे. खांडेकरांना भोगवादी जगाला आरसा दाखवायचा होता. त्या आरशात ययाती आणि देवयानी या दोघांची प्रतिबिंबे काळी पडणे क्रमप्राप्त होते. कलाकृती म्हणून ते समजते. मात्र माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न घेऊन मी ती पाने पुन्हा वाचली तेव्हा जाणवले की ही बाई इतकी कडवट का झाली, याचे एक साधे कारण कादंबरीभर मिळत नाही. जगातली सर्वांत मोठी विद्या तिच्या घरात होती आणि ती तिला सोडून सर्वांच्या उपयोगी पडली, हे ते कारण.

इथून मागे वळून पाहिले की मराठी कादंबरीचा सगळा रस्ताच वेगळा दिसू लागतो. आपली अद्भुतरम्य कादंबरी जुनी आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. नावे पाहा : नायिकांची आहेत. पण कथा सांगणारा दुसराच कोणी. नायिकेने सुंदर असावे, संकटात सापडावे, सुटावे आणि विवाहबद्ध व्हावे. पुढे नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने आमच्या आधीच्या पिढीला वेड लावले. तिथेही पराक्रम पुरुषांचा. श्रावणात घरोघर वाचल्या जाणाऱ्या नवनाथांच्या पोथीत शाबरी विद्या आहे, गुरू आहेत, शिष्य आहेत, स्त्रीराज्यसुद्धा आहे; पण त्या स्त्रीराज्यात मच्छिंद्रनाथ अडकतात आणि गोरखनाथ त्यांना तिथून सोडवून आणतो. गुरूने स्त्रीच्या राज्यातून बाहेर पडले पाहिजे, हीच त्या कथेची दिशा.

आणि दुसऱ्या बाजूला हरिभाऊ आपटे. १८९० पासून 'करमणूक'मधून त्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' येऊ लागली आणि मराठीत प्रथमच एक मुलगी, यमू, स्वतःच्या तोंडाने स्वतःची हकिकत सांगू लागली. लिहाय-वाचायला शिकणे हा तिच्या आयुष्यातला केवढा मोठा प्रसंग! पण तिच्या जगात जादू नाही. तिथे आहे खरेखुरे घर, खरीखुरी सासू, खरेखुरे वैधव्य. हरिभाऊंनी राजपुत्र आणि राक्षस दूर सारले म्हणून तर मराठी कादंबरी वयात आली, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो, आणि ते खोटे नाही.

पण त्यात एक गोष्ट हातची गेली. मराठीत जिथे अद्भुत होते तिथे मुलीला आवाज नव्हता, आणि जिथे मुलीला आवाज मिळाला तिथले अद्भुत संपले होते. आपल्या मुलींना आपण दोनच वाटा दिल्या : राजकन्या होऊन गप्प बसा, नाहीतर यमू होऊन सोसा. मंत्र स्वतः शिकणारी, स्वतः चुकणारी आणि ते सगळे 'मी' म्हणून सांगणारी मुलगी आपल्या अद्भुतकथेत मला भेटली नाही. ती मुलगी माझ्या विद्यार्थिनीला इंग्रजीत भेटली. तिच्या हातातल्या दोन्ही कादंबऱ्या नायिकाच प्रथमपुरुषी सांगते, हा योगायोग नव्हे. तिला काय सापडले, हे मला चौथ्या रात्री कळले.

आता त्या पुस्तकांचेही माप काढले पाहिजे. मुले वाचतात म्हणून ते वाङ्मय चांगलेच, असे म्हणणारा मी नव्हे.

'फोर्थ विंग'ची नायिका व्हायोलेट ही विशीतली, हाडापेराने नाजूक मुलगी. तिला वडिलांसारखे ग्रंथपाल-लेखनिक व्हायचे आहे; सेनापती असलेली आई तिला ड्रॅगनवर बसणाऱ्या सैनिकांच्या विद्यालयात ढकलते. प्रवेशाच्या दिवशीच उंच, अरुंद कठड्यावरून चालत जायचे. खाली पडला तो मेला. ज्या बंडखोर पुढाऱ्याला तिच्या आईने मारवले, त्याचाच मुलगा तिथे वरच्या वर्गात आहे. प्रेम त्याच्यावर. कथेचा पूर्वार्ध मला मनापासून आवडला, कारण ही मुलगी अंगात बळ नसताना वाचलेल्या विद्येवर जगते. विषे, वनस्पती, जुने ग्रंथ, हीच तिची शस्त्रे. शिवाय लेखिकेने एक चांगला काटा पेरला आहे : त्या राज्याचा जो इतिहास विद्यालयात शिकवला जातो त्यातून मुद्दाम पाने गाळलेली आहेत. शाळा खोटे शिकवू शकते, हे पंधरा-सोळाव्या वर्षी कळणे काही वाईट नाही.

पण पुढे ड्रॅगन मिळतो, हातातून वीज पडू लागते, आणि वाचणारी मुलगी मागे पडून विजेची मुलगी पुढे येते. नायकाच्या रूपाची वर्णने इतक्यांदा येतात की मला आमच्या जुन्या संगीत नाटकातल्या 'वन्स मोअर'ची आठवण झाली. आणि एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगितली पाहिजे. या कादंबरीतले काही प्रसंग शयनगृहातले आहेत आणि ते तपशिलाने लिहिले आहेत. लेखिकेने पुस्तक प्रौढांसाठी लिहिले आहे. रंगीत मुखपृष्ठ पाहून आपण ते मुलांचे समजतो, हा दोष तिचा नाही, आपला आहे. कारण मुलांच्या हातातले पुस्तक आपण उघडतच नाही.

नोविकबाईंचे पुस्तक माझ्या मते वरच्या दर्जाचे. त्यातल्या शाळेत एकही शिक्षक नाही! इमारतच शिकवते, इमारतच परीक्षा घेते, आणि भिंतीत, नळात, जेवणाच्या ताटात राक्षसी जीव दबा धरून बसलेले असतात. शेवटच्या दिवशी दारातून बाहेर पडायचे तर त्या जीवांच्या घोळक्यातून. श्रीमंत घराण्यांची मुले टोळी करून वाचतात, गरिबांची मुले त्यांच्यापुढे चालत जाऊन मरतात. नायिका गॅलाड्रिएल, घरचे नाव एल, हिची आई वेल्सची आणि वडील मुंबईच्या शर्मा कुटुंबातले. एका भविष्यवाणीला भिऊन त्या कुटुंबाने तिला दूर लोटलेले. तिला जन्मतःच संहाराची विद्या अवगत आहे. सगळ्यांना मारून स्वतः सुटणे तिला सहज शक्य आहे. ते ती करत नाही, आणि न करण्यासाठी तिला रोज कष्ट पडतात. काळ्या विद्येच्या शाळेत राहून काळे न होणे, हा या कादंबरीचा खरा विषय. प्रेम आहे, पण ते या प्रश्नाच्या बाजूने चालते, त्याला झाकून टाकत नाही.

याच पुस्तकात आपल्या प्रदेशातल्या वाचकाने थांबून पाहावे अशी एक कल्पना आहे. त्या शाळेत भाषा हे धन आहे. मंत्र निरनिराळ्या भाषांत असतात. ज्याला जितक्या भाषा येतात तितके त्याचे मंत्र जास्त, आणि मुले आपापसांत मंत्रांची देवघेव करतात. एखाद्या भाषेकडे तुम्ही वळलात की शाळा त्या भाषेतले मंत्र तुमच्यापुढे टाकू लागते. एलला तिथल्या ग्रंथालयात एक अतिप्राचीन संस्कृत पोथी मिळते. ती पोथी रुसून परत जाऊ नये म्हणून ही मुलगी तिला गोंजारते, तिच्याशी लाडाने बोलते.

ते वाचताना मला माझा वर्ग दिसला. गोव्यातल्या खेड्यातले मूल घरी कोकणी बोलते, चौथीपर्यंत बहुधा मराठीत शिकते, आणि पाचवीपासून त्याची सगळी शाळा इंग्रजीत होते. सावंतवाडी, दोडामार्ग, बेळगावकडच्या घरांतही थोड्याफार फरकाने असेच चालते. ही माझी विद्यार्थिनी माझ्याशी मराठीत बोलते, मैत्रिणींशी कोकणीत, आणि पुस्तकातल्या प्रसंगाविषयी बोलू लागली की आपोआप इंग्रजीत शिरते. याला आपण भाषांचा गोंधळ म्हणत आलो. पोर्तुगीज काळात देवळाच्या सभामंडपात धुळाक्षरे गिरवून ज्या आजोबांनी मराठी राखली, त्यांच्या नातवंडांच्या तोंडी तीन भाषा सहज खेळतात, हे खरे म्हणजे धन आहे. मात्र शाळेने एखाद्या भाषेतले मंत्र पुढे टाकायचे तर त्या भाषेत ते असले पाहिजेत. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी मराठीच्या कपाटात काय आहे? बालवाङ्मय संपते आणि एकदम 'ययाति' सुरू होते. मधल्या पायऱ्या फार थोड्या.

एका बाबतीत मात्र आपली जुनी कथा या दोन्ही कादंबऱ्यांपेक्षा मोठी आहे, आणि हे मी मास्तर म्हणून पक्षपाताने सांगत असेन तर वाचकांनी क्षमा करावी. यारॉसच्या विद्यालयात विद्या म्हणजे हत्यार आणि बरेचसे शिक्षक म्हणजे पहारेकरी. नोविकच्या शाळेत तर शिक्षकच नाही. तिथल्या कोणत्याही मुलाला विद्या देताना दुसऱ्या कोणाचे पोट फाटत नाही. कचाच्या कथेत ते फाटते. आपण शिकवले तर आपण मरू, हे ठाऊक असून शुक्राचार्य शिकवतो. आणि शिष्य त्याला मेलेला टाकून पळत नाही. शत्रूच्या छावणीतून आलेला तो मुलगा पहिला मंत्र गुरूसाठी म्हणतो. विद्या देण्याघेण्यातला हा विश्वास नव्या काळ्या शाळांत मला दिसला नाही, आणि आज शाळा म्हणजे टक्केवारी व शिकवणी वर्ग एवढेच अनुभवणाऱ्या मुलांना तो तिथे नसल्याचे कळतही नसावे. आमचाच काहीतरी दोष असल्याशिवाय मुलांना मास्तर नसलेली शाळा इतकी खरी वाटणार नाही.

तेव्हा हिशेब असा निघतो. नव्या कथेत शिकणारी मुलगी आहे, पण जीव टाकून शिकवणारा नाही. आपल्या कथेत जीव टाकून शिकवणारा आहे, पण मुलगी दाराबाहेर आहे. ज्याच्यात दोघेही असतील असे पुस्तक अजून लिहायचे आहे, आणि ते मराठीत लिहिले जाण्याचा हक्क सर्वांत मोठा, कारण शुक्राचार्यांचा आश्रम आपल्या कपाटात तयार आहे. फक्त पटावर एक नाव घालायचे आहे. शिरोडा, पेडणे, डिचोली, बेळगाव या पट्ट्यात कोणी तरुण लेखिका हे वाचत असेल तर तिने विचार करावा. दशावताराची सुरुवात वेद पळवणाऱ्या संकासुरापासून होते. चोरलेल्या विद्येची गोष्ट आपल्या मातीला नवी नाही.

राहिले व्यवहाराचे. मुलीच्या आईला मी शाळेत बोलावले. ती घाबरून आली, जप्त पुस्तक टेबलावर पाहून आणखी घाबरली. मी तिला सांगितले की तुमची मुलगी वाचते, ही आनंदाची गोष्ट आहे. हे एक पुस्तक आणखी दोन-तीन वर्षांनी वाचले तर बरे, एवढेच. आणि ते का, हे तुम्ही तिच्याशी बोला, लपवून ठेवू नका. 'अ डेडली एज्युकेशन' शाळेच्या ग्रंथालयासाठी विकत घेतले. मुलीला 'ययाति' दिली आणि म्हटले, मराठीत नेमके तुझ्यासारखीचे पुस्तक माझ्यापाशी नाही, पण ही देवयानी वाच.

तीन आठवड्यांनी तिने ती परत आणली. आवडली का, असे विचारल्यावर थोडा वेळ गप्प राहिली. "भाषा सुंदर आहे, सर," म्हणाली. "पण देवयानीचा मला राग नाही आला. वाईट वाटलं. तिला सगळे गर्विष्ठ म्हणतात, पण तिला करायला काहीच दिलं नव्हतं कोणी."

साठ-पासष्ट वर्षे 'ययाति'वर जी समीक्षा झाली तिच्यात हे वाक्य मी वाचलेले नाही. ते मी माझ्या टिपणवहीत तारीख घालून लिहून ठेवले आहे.

माझ्या दहावीच्या पटावर आज मुलांपेक्षा मुलींची नावे जास्त आहेत. बोर्डाची परीक्षा झाली की ही मुलगी पुन्हा ग्रंथालयात येणार आहे. सुटीत वाचायला मराठी पुस्तक द्या, असे तिने आधीच सांगून ठेवले आहे. काय द्यावे, याचा मी अजून विचार करतो आहे. वाचकांना काही सुचले तर त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवावे.